मीठ, साखर आणि एक लिटर पाणी : नागझिऱ्याला जाणाऱ्यांसाठी, तिथे राहणाऱ्यांसाठी

नागझिऱ्याला निघालेला माणूस दुर्बीण घेतो, कॅमेऱ्याची जादा बॅटरी घेतो, मातकट रंगाचे कपडे आठवणीने घेतो. ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पाकिटे मात्र फार थोड्यांच्या पिशवीत असतात. एप्रिल-मे महिन्यांत वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून पर्यटक गर्दी करतात आणि त्याच दिवसांत गोंदिया-भंडाऱ्याचा पारा 44-45 अंशांवर जातो. अशा उन्हात एखाद्या ढाब्यावरच्या जेवणाने किंवा पाण्याने जुलाब लागले, तर शहरात दोन दिवस टिकणारा माणूस इथे काही तासांत गळून जातो. घामाने आधीच पाणी आणि मीठ गेलेले असते.

पण हा लेख फक्त पर्यटकांसाठी नाही. पिटेझरी, चोरखमारा आणि जंगलाच्या कडेने वसलेल्या बाकी गावांतली माणसे मार्चमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात आणि पावसाळ्यात धानाची रोवणी करतात. पर्यटनाचा हंगाम संपून जंगलाची दारे बंद होतात, तेव्हा या गावांत हगवणीचे दिवस सुरू होतात. विहिरीचे पाणी गढूळ होते, बोडीचे पाणी रस्त्यावर येते, मुले आजारी पडतात. त्यांच्या आयांना आणि आशाताईंना उपयोगी पडेल अशी माहिती देणे, हे या लेखाचे पहिले काम आहे.

सुरुवात आतड्यापासून करू, कारण तिथे काय घडते ते एकदा कळले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

निरोगी माणसाच्या आतड्यात रोज सुमारे आठ-नऊ लिटर पाणी उतरते. त्यातले आपण प्यालेले असते जेमतेम दोन लिटर. बाकीचे लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस यांतून येते. यातले बहुतेक सगळे पाणी शरीर परत शोषून घेते आणि शौचावाटे जाते ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. आतड्याला पाणी थेट उचलता येत नाही. ते सोडियम, क्लोराइड यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत-बाहेर नेते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. सोडियम रक्ताकडे गेले की पाणीही रक्ताकडे जाते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सुटले की पाणीही पोकळीत येते.

पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जंतू हेच दुसरे काम करायला लावतो. त्याचे विष पेशीला क्लोराइड सोडत राहण्याचा हुकूम देते आणि पेशी सोडत राहते. पटकी हा आतड्याचे अस्तर कुरतडणारा रोग आहे, असे पूर्वी मानले जाई. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी 1959 साली नेचर नियतकालिकात दाखवून दिले, की जंतू गाळून काढलेला नुसता द्रवही सशाच्या आतड्यात पाणी भरायला पुरेसा आहे. दोष विषाचा आहे, अस्तर बहुतांशी शाबूत आहे. या एका निष्कर्षाने उपचाराची दिशा बदलली. अस्तर शाबूत असेल, तर त्याच्याकडून काम करून घेता येते.

कसे करून घ्यायचे, याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. ऑगस्ट 1960 मध्ये प्राग येथे भरलेल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीवर असे एक दार आहे ज्यातून साखर आणि सोडियम एकत्रच आत जातात, एकट्याला प्रवेश नाही. आज आपल्याला माहीत आहे, की ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन या दारातून जातात. पटकीचे विष हे दार बंद करू शकत नाही. म्हणजे एकीकडून पाणी वाहून जात असले, तरी योग्य प्रमाणात साखर आणि मीठ एकत्र दिले तर दुसरीकडून ते आत घेता येते. नुसते पाणी दिले तर हे दार उघडत नाही. नुसती साखर दिली तरी ते नीट चालत नाही. ओआरएसची ताकद या जोडीत आहे.

प्रयोगशाळेतले हे ज्ञान माणसांवर तपासायचे काम कोलकाता आणि ढाका येथे झाले. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्येच पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देऊन बरे केल्याचे लॅन्सेटमध्ये लिहिले होते, पण तेव्हा त्यामागचे कारण ठाऊक नव्हते आणि कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पद्धतशीर चाचणी घेतली. खरी परीक्षा झाली ती 1971 साली. बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. दिलीप महलनबीस या डॉक्टरांकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पाकिटांत भरून घेतले, तोटी लावलेल्या पिंपांत ते कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ तीस टक्के होते, ते 3.6 टक्क्यांवर आले. परिचारिका नाहीत, सुया नाहीत, पलंगही पुरेसे नाहीत, तरीही. 1978 मध्ये लॅन्सेटने या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महलनबीस 2022 मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

गोंदिया जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत. पण मला या कहाणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळी वाटते. बनगावात औषध पाजले ते आई-बापांनी, भावा-बहिणींनी. नागझिऱ्याच्या आसपासच्या कोणत्याही घरात आज तेच करता येते.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण चूक होते ती इथेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एका लिटर पाण्यासाठी 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट लागते. हे सूत्र 2002 पासूनचे आहे. आधीच्या मिश्रणात साखर आणि मीठ दोन्ही जास्त होते. नव्या, सौम्य मिश्रणाने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या आणि सलाइन लावण्याची वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटली. म्हणजे पातळ मिश्रण अधिक गुणकारी ठरले. म्हणून पाकीट अर्ध्या लिटरात कालवून ‘कडक’ करणे हा उपकार नाही, अपकार आहे. साखरेची दाटी वाढली की ती उलट पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ वाढले तर लहान बाळाच्या मेंदूला धोका होऊ शकतो.

पाकिटावर ‘एक लिटर’ लिहिले असेल तर पूर्ण एक लिटर पाणी घ्या. 200 मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात. ती एका लिटरात टाकली तर औषध नुसते पाणी होते. दुकानातून घेताना आकार वाचूनच घ्या. पर्यटकांकडे बहुधा एक लिटरची पाण्याची बाटली असतेच, ती मोजमापाला उत्तम. पूर्ण पाकीट एकदम कालवावे, अर्धे उद्यासाठी ठेवू नये, कारण क्षार आणि साखर पाकिटात सारखे मिसळलेले असतील याची खात्री नसते. कालवलेले पाणी झाकून ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. उरले तर फेकून द्या. त्यात दूध, फळांचा रस, जादा साखर काहीही घालू नका आणि ते उकळू नका. पाणी आधी उकळून गार करून घ्यावे.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तेवढा. घरोघरचे चमचे लहान-मोठे असतात आणि मूठ-चिमटीचे माप तर प्रत्येक हाताला वेगळे पडते, म्हणून चमच्याचा आग्रह. कालवल्यावर चाखून पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्या आणि पुन्हा करा. या घरगुती मिश्रणात पोटॅशियम नसते, तेव्हा पाकीट मिळताच पाकिटाकडे वळा.

धानाच्या या जिल्ह्यात आणखी एक चांगला पर्याय चुलीवरच असतो, भाताची पेज. तांदळातला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोजमध्ये मोडतो. त्यामुळे साखरेची दाटी एकदम वाढत नाही आणि सोडियमला सोबत मात्र सतत मिळत राहते. पटकीमध्ये तांदळाच्या पिठाचे ओआरएस साध्या ओआरएसपेक्षा जुलाब अधिक कमी करते, हे चाचण्यांत दिसले आहे. वेल्लोरचे बी. एस. रामकृष्ण आणि त्यांचे सहकारी आणखी पुढे गेले. लहान आतड्यात न पचणारा स्टार्च मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जंतू तो आंबवून मेदाम्ले तयार करतात आणि ती मेदाम्ले मोठ्या आतड्याला सोडियम व पाणी शोषायला मदत करतात. असा स्टार्च ओआरएसमध्ये घातल्यावर पटकीचे जुलाब लवकर थांबले, असे त्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याला घरी करायचे ते एवढेच, की पेज पातळ असावी, ताजी असावी आणि तिच्यात लिटरमागे अर्धा सपाट चमचा मीठ असावे. बिनमिठाची पेज पोट भरते, पण सोडियम देत नाही. रात्रीची, उघडी राहिलेली पेज आजारी माणसाला देऊ नये.

मीठ घातलेले ताजे ताक, वरणाचे पाणी, कमी साखरेचे लिंबू-मीठ पाणी हेही चालते, पण जोडीला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. आणि ज्या पदार्थांवर लोकांचा सर्वांत जास्त भरवसा असतो, नेमके तेच टाळायचे आहेत. डब्यातली ग्लुकोज पावडर म्हणजे जवळजवळ नुसती साखर, तिला मिठाची सोबत नाही. थंड पेये, डबाबंद फळांचे रस आणि गोड चहा यांत साखर फार असते. दिसायला औषधासारख्या असणाऱ्या, खोक्यात मिळणाऱ्या गोड पेयांनी अनेक वर्षे नावात ‘ओआरएस’ लावून लोकांची दिशाभूल केली. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तरी सवय तुम्हीच लावून घ्या : पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा.

किती पाजायचे? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर. मोठ्या माणसाला हवे तेवढे. बाळाला बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या. उलटी झाली म्हणून थांबू नका. दहा मिनिटे जाऊ द्या आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा, असे सुरू करा. घटाघटा पाजलेले उलटून पडते, चमच्याने दिलेले बहुतेक आत राहते. ‘पाजले तरी जुलाब थांबत नाहीत’ ही तक्रार आशाताईंना नेहमी ऐकावी लागते. तिचे खरे उत्तर असे, की ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नाहीच, ते शरीर वाळू न देण्यासाठी आहे. जुलाब आपल्या क्रमाने काही दिवसांत थांबतात. तोवर जीव सांभाळणे हे ओआरएसचे काम.

मुलांना त्याबरोबर झिंक द्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला 20 मिलिग्रॅम, सलग चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, कारण झिंक आतड्याचे अस्तर सावरते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतला धोका कमी करते. आशाताईंकडे आणि अंगणवाडीत ओआरएस व झिंक मोफत मिळते. अंगावरचे दूध कधीही बंद करू नका. ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. ती मोडायला हवी. मऊ भात, खिचडी, केळे, दही थोडे थोडे आणि वारंवार द्या.

जुलाब बंद करणाऱ्या गोळ्यांविषयी माझे मत ठाम आहे. आतड्याची हालचाल थांबवणारी लोपेरामाइडसारखी औषधे मुलांना देऊच नयेत. मोठ्यांनीही ताप असताना किंवा शौचात रक्त असताना ती घेऊ नयेत. पाणी आतड्यात सुटतच असते, ही गोळी फक्त ते दिसू देत नाही. अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने नको. बहुतेक जुलाबांत त्याचा उपयोग नसतो आणि काही अँटिबायोटिकांनीच जुलाब लागतात.

आयन-वहनाच्या या संशोधनाचा हात पटकीपुरता नाही. प्रवाशांना जुलाब लावणाऱ्या ई-कोलाय जंतूचे एक विष क्लोराइडचा तोच मार्ग उघडते. त्याच विषाच्या धर्तीवर लिनाक्लोटाइड हे औषध बनवले गेले आणि 2012 मध्ये अमेरिकेत जुनाट बद्धकोष्ठासाठी मान्य झाले. मार्ग थोडासा उघडला, की घट्ट मल सैल होतो. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात हाच क्लोराइडचा मार्ग नीट उघडत नाही, म्हणून फुप्फुसांत आणि आतड्यांत चिकट स्राव साठतो. एकच यंत्रणा, आणि तिच्या बिघाडाचे इतके प्रकार.

दीर्घकाळ पोट बिघडलेल्या वाचकांना याच शास्त्रातून एक उपयुक्त खूण सांगता येते. काही खाल्ले नाही तर जुलाब थांबत असतील, तर बहुधा न पचलेला एखादा पदार्थ आतड्यात पाणी ओढतो आहे. दूध न पचणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण, ‘शुगर-फ्री’ गोळ्यांतले सॉर्बिटॉल हे दुसरे. उपाशी राहूनही आणि झोपेतून उठवूनही पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर आतडे स्वतःच पाणी सोडते आहे आणि त्याची तपासणी हवी. मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे दूध सोसत नाही, असेही होते. हा तात्पुरता बिघाड असतो, त्याला घाबरू नये. पण चौदा दिवसांपेक्षा जास्त चाललेले जुलाब, वजन घटणे आणि रक्त पडणे यांतले काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही काहींना जुलाब होतात. औषध आपणहून सोडू नका, विचारून बदला. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ओआरएस किती प्यावे, हे प्रवासाला निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

केव्हा थांबायचे नाही, तेही ठाऊक हवे. डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, सहा तासांत लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, मूल सुस्त पडले आहे किंवा पिऊच शकत नाही, शौचात रक्त आहे, उलट्या थांबत नाहीत, यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा आणि वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहा. जंगलात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, म्हणून गेटवर शिरतानाच गाइडला आणि चालकाला विचारून ठेवा, की इथून सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि रस्ता कोणता. पिटेझरीकडून साकोली जवळ, चोरखमाऱ्याकडून तिरोडा. दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उन्हात फिरलेल्या माणसाची त्वचा तापलेली असेल आणि तो असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात आहे. त्याला तोंडाने काही पाजत बसू नका, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालयात न्या.

हे सगळे टाळायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. नाल्याचे, तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नका. ज्या पाणवठ्यावर सांबर आणि रानडुकरे उतरतात, त्याचे पाणी माणसासाठी नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली की आणखी एक मिनिट उकळू द्या. ते शक्य नसेल तर मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. गावाच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ती पडली का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो बजावला पाहिजे. शौचानंतर आणि बाळाला भरवण्याआधी साबणाने हात धुणे हे कोणत्याही औषधाइतकेच मोलाचे आहे. तेंदूपत्त्याच्या फळीवर, रोवणीच्या बांधावर पाण्याच्या हंड्याशेजारी साबण ठेवायला फार खर्च येत नाही.

आश्रमशाळा, होमस्टे आणि गेटवरची दुकाने यांना एक विनंती. एक लिटरच्या ओआरएसची दहा पाकिटे, पाच मिलिलिटरचा एक चमचा आणि एक लिटरचे माप एका डब्यात ठेवा आणि तो डबा सर्वांना दिसेल अशा जागी असू द्या. पर्यटकांनो, पिशवीत माणशी दोन पाकिटे टाका. तुम्हाला लागली नाहीत, तर परतताना ती गाइडच्या किंवा गावातल्या आशाताईंच्या हाती द्या. पावसाळ्यात त्यांना ती लागतातच.